एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी

१

सात नंबरच्या खाटेवरचा सुतार भर दुपारी, माणसांनी भरलेल्या वॉर्डात गेला आणि चाळीस मिनिटं कुणाला पत्ता नव्हता. उशाशी खणखणाट नको म्हणून त्या वॉर्डात खाटेजवळच्या मशीनचा आवाज बंदच ठेवतात. जे काही वाजायचं ते सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर वाजतं. त्या दिवशी तो स्क्रीन गप्प राहिला.

ड्यूटीवरची सिस्टर म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिने दुपारी चार नंबरच्या खाटेवर सुताराचा घसा नळीने साफ करताना अलार्म दोन मिनिटांसाठी थांबवला होता. सगळ्याच सिस्टर थांबवतात. तेवढ्यात चार नंबरच्या ऑक्सिजनची जोडणी गळायला लागली, म्हणून त्याला सातवर हलवलं. दोन मिनिटं संपली, पण अलार्म पुन्हा सुरू झालाच नाही.

चौकशी समितीच्या पत्रात एकच वाक्य जाड अक्षरात होतं: ‘अलार्म बंद करून विसरल्या.’ शुक्रवारी शेवटची सुनावणी होती. तिची नर्स म्हणून असलेली नोंदणी रद्द होणार आणि पुढे पोलिसांत गुन्हा, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

“ताई, मी विसरले नाही,” ती मंगळवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. “आणि हा दोष मी सात महिन्यांपूर्वीच कळवला होता. तुमच्याच लोकांना.”

तुमचे लोक म्हणजे आम्ही. त्या स्क्रीनवर चालणारा प्रोग्राम ‘पहारा’. तो फुकट आहे, सगळ्यांना खुला आहे, आणि वीसेक हौशी माणसं नोकऱ्या सांभाळून तो चालवतात. मी त्यातली एक. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. मी वापरण्याचं पुस्तक लिहिते. माझा दीर, म्हणजे या जावेचा नवरा, मात्र तिथे कोड लिहितो.

मी लॅपटॉप उघडला. तिची तक्रार सापडली, नोंद क्रमांक बाराशे चार. खाट बदलली की थांबवलेला अलार्म कायमचा थांबतो, हे तिने पायरीपायरीने लिहिलं होतं. खाली चार ओळींचा शेरा होता, त्याची सुरुवात: ‘बंद. हीच तक्रार आधी आलेली आहे, पाहा अठ्ठ्याऐंशी.’

मी अठ्ठ्याऐंशी उघडली. तिथल्या शेऱ्याची पहिली ओळ होती: ‘बंद. पाहा बाराशे चार.’

२

दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या आणि दोन्ही बंद होत्या. उघड्या दोषांच्या यादीत हा दोष कुठेच नव्हता, म्हणून तो कुणी दुरुस्तही केला नव्हता.

समितीला हे सापडलं होतं, आणि त्यांनी त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावला होता. तज्ज्ञांनी दोनदा तपासून तक्रार फेटाळली, म्हणजे प्रोग्राम निर्दोष. वर पुन्हा, सिस्टरना शंका होती तरी त्यांनी अलार्म थांबवला, म्हणजे दोष दुप्पट. पोरीने प्रामाणिकपणे केलेली तक्रार तिच्याच गळ्यात अडकवली होती. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन्ही नोंदी एकाच दिवशी बंद झाल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी सकाळी दहा एकोणीसला, बाराशे चार दहा वीसला. करणाऱ्याचं नाव दोन्हीकडे एकच होतं, ‘झाडू’.

झाडू नावाचं कुणी माणूस नाही. वर्षातून एकदा आम्ही वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमून जुन्या तक्रारी निकालात काढतो, त्याला सफाईचा दिवस म्हणतात. एका वर्षी कुणी किती बंद केल्या याची चढाओढ लागली आणि चांगल्या तक्रारीही झाडल्या गेल्या. तेव्हापासून त्या दिवशी सगळे एकाच नावाने बसतात. कुणाचं कौतुक नाही, कुणाचा हिशेब नाही. आणि कुठल्या मशीनवरून काय केलं, हे आम्ही तत्त्व म्हणून साठवत नाही. तत्त्व चांगलंच होतं, फक्त आता ते माझ्या मुळावर आलं होतं.

समितीला सांगायला मला दोन माणसं हवी होती. आम्ही काहीही तपासलं नव्हतं, नुसती गफलत झाली, असं स्वतःच्या तोंडाने सांगणारी.

पहिलं माणूस शोधायला डोकं लागलं नाही. सफाई यादीच्या दोन्ही टोकांकडून चालते, आणि नव्या तक्रारींच्या टोकाकडून त्या दिवशी एकटेच घड्याळजी बसले होते. शाळेत गणित शिकवतात, मिनिटावर जगतात, म्हणून ते नाव. मधल्या सुट्टीत मी त्यांना रिकाम्या वर्गात गाठलं.

“बाराशे चार मीच बंद केली,” ते फळा पुसत म्हणाले. “नियम काय? जुनी ठेवायची, नवी बंद करायची. अठ्ठ्याऐंशी माझ्या लक्षात होती, कारण ती देणाऱ्या माणसाशी मीच बोललो होतो. सव्वादहाला मी ती उघडून पाहिली. उघडी होती. मग बाईंना नीट चार ओळी लिहिल्या आणि दहा वीसला बटण दाबलं.”

“त्याच्या एक मिनिट आधी अठ्ठ्याऐंशी बंद झाली होती.”

त्यांचा हात फळ्यावरच थांबला. रंग उडालेला माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला.

“पण तिकडून कुणी ती बंद करूच कशी शकेल?” ते म्हणाले. “जुनी मोडून नवी ठेवायची? आपल्यातला कुणी असं करणार नाही.”

“कुणीतरी केलंय,” मी म्हणाले. “शुक्रवारी याल?”

“येईन. माझं नाव लिहा,” ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या पुढच्या तासाची घंटा झाली तरी ते उठले नाहीत.

३

जुन्या टोकाच्या टेबलावर तिघं होते: आजोबा, चिमणी आणि माझा दीर.

आजोबांनी ‘पहारा’ पंधरा वर्षांपूर्वी सुरू केला. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. तळमजल्यावरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी गेले तेव्हा भिंग लावून ते एक तार जोडत होते.

“मी?” ते म्हणाले. “मी तर भाषण करत होतो.”

हे खरं होतं. दर वर्षी ते दहाला उभे राहतात आणि साडेदहाशिवाय बसत नाहीत. ऐकत कुणी नाही, सगळे खाली मान घालून आपापलं काम उरकतात, पण त्यांचा हात त्या अर्ध्या तासात कीबोर्डला लागत नाही एवढं हॉलमधलं कुणीही शपथेवर सांगेल.

“नियम मोडून जुनी नोंद बंद कुणी केली असेल?” मी विचारलं.

“चूक म्हणून कुणीच नाही,” ते भिंग बाजूला ठेवत म्हणाले. “अठ्ठ्याऐंशीच्या शेऱ्याची दुसरी ओळ वाच. ‘बाराशे चारमध्ये हे जास्त नीट मांडलंय, पुढचं काम तिथे.’ हा हात घसरलेल्या माणसाचा शेरा नव्हे. याला ती नवी नोंद आवडली होती.”

ते वाक्य डोक्यात घेऊन मी दिराकडे गेले. तो घरीच होता, समितीसाठी कागद लावत बसला होता. तीन आठवड्यांत माणूस वाळून गेला होता. मला त्याची इतकी दया आली की प्रश्न विचारायलाही लाज वाटली.

“भाऊजी, अठ्ठ्याऐंशी तुम्ही तर नाही ना बंद केली?”

“वहिनी, मी ती बंद केली असती तर आजवर गप्प बसलो असतो का?” तो म्हणाला. “बायको आहे माझी. बाराशे चार तर मी त्या दिवशी पाहिलीसुद्धा नव्हती. चिमणीला विचारा. ती एका दिवसात साठ साठ उडवते.”

मला पटलं. हे कबूल करून बायको सुटत असेल तर कुठला नवरा मूग गिळून गप्प बसेल?

४

चिमणी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते आणि तोंडाची टकळी कधी थांबत नाही. मी गेले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळं सांगितलं आणि ती पहिल्यांदाच गप्प झाली.

मग म्हणाली, “मीच असणार.”

“असणार म्हणजे?”

“म्हणजे आठवत नाही, पण मीच. मी भराभर करते ना. वहिनी, लिहा माझं नाव. शुक्रवारी येते मी. माझं काय जाणार आहे? फार तर ‘पहारा’मधून काढतील. त्या सिस्टरची तर अख्खी नोकरी जाईल.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. दोन्ही माणसं मिळाली होती आणि शुक्रवारला अजून दोन दिवस होते. मी वहीत तिचं नाव लिहिलंही.

उगाच, समितीने विचारलं तर उत्तर असावं म्हणून मी म्हटलं, “बाराशे चार तुला सापडली कशी?”

“सर्च केलं असेल. तसंच करतो आम्ही. कागदावर जुन्यांची यादी असते, आदल्या संध्याकाळी छापलेली. एक वाचायची, मग सर्चमध्ये टाकून तसली दुसरी आहे का बघायची.”

“नव्या तक्रारींची यादी तुमच्या टेबलावर नव्हती?”

“नाही. ती घड्याळजींकडे. नव्या तक्रारीची मेलसुद्धा फक्त त्यांनाच जाते, नाहीतर सगळ्यांचं डोकं उठेल.”

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. बाराशे चार नोंदवल्याची वेळ तिने वाचली: त्याच दिवशी, सकाळी नऊ बारा.

तिचा चेहरा बदलत गेला. “अरे,” ती हळूच म्हणाली, “मग सर्चमध्ये कशी येईल? सर्च रोज मध्यरात्री ताजं होतं. सकाळची नोंद दुसऱ्या दिवसाशिवाय दिसत नाही.”

“म्हणजे तू ती शोधूच शकली नसतीस.”

“मीच काय, आमच्या टेबलावरचं कुणीच नाही.”

तासाभरापूर्वीची, कुठल्याच यादीत नसलेली, शोधूनही न सापडणारी नोंद. आणि तरी कुणालातरी तिचा नंबर माहीत होता. ती नीट लिहिली आहे, हेसुद्धा माहीत होतं.

मी वहीतलं चिमणीचं नाव खोडलं. आता प्रश्न एकच राहिला होता आणि तो मला घरात जाऊन विचारायचा होता.

५

“हा नंबर तू कुणाला सांगितला होतास?”

जाऊ गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तीन आठवडे घरी बसलेल्या माणसाला कामं उकरून काढावी लागतात; त्या दोरीवर सकाळपासून तिसऱ्यांदा कपडे चढत होते.

“कुणालाच नाही, ताई. मला तर वाटत होतं, आपल्यासारखीचं कोण वाचणार. वॉर्डात दोनदा स्क्रीनवर ते पाहिलं होतं. तेव्हा काही वाईट झालं नव्हतं, पण मन खात होतं. म्हणून रविवारी सकाळी बसून एकदाचं लिहून टाकलं.”

“कशावर लिहिलंस?”

“कशावर म्हणजे?”

“मोबाइलवर? दवाखान्यात?”

“घरीच. जेवणाच्या टेबलावर, त्याच्या लॅपटॉपवर. माझा बिघडला होता ना. तो आंघोळीला गेला होता.” तिने चिमटा लावला. “नंतर तो घाईत लॅपटॉप पिशवीत टाकून गेला. मी ते पान बंदसुद्धा केलं नव्हतं.”

शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या डोक्यात तेव्हा काही चुकचुकलं नाही, सरळ दार आपटल्यासारखं झालं.

तिनेच विचारलं, “का हो ताई? काय झालं?”

“काही नाही. भाऊजी कुठायत?”

“वकिलांकडून येईल एवढ्यात.”

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. त्याने घरात पाऊल टाकायच्या आधी मला तो हवा होता.

६

“लॅपटॉप उघडल्यावर समोरच पान होतं,” मी म्हणाले. “हॉलमध्ये, दहा वाजता. तुम्ही ते वाचलंत.”

तो दोन पायऱ्या खाली थांबला. जिन्याच्या कठड्याला धरून तो तिथेच बसला.

“किती छान लिहिलं होतं, वहिनी,” तो म्हणाला. “आमच्यातला एकही असं लिहीत नाही. आणि माझ्या कागदावर पहिलीच अठ्ठ्याऐंशी. दोन ओळी, धड अर्थ लागत नव्हता. नियमाने घड्याळजींनी तिची बंद केली असती. मला वाटलं, हिची राहू दे. हिच्या नंबरवर काम होऊ दे. तिला किती बरं वाटेल.”

इथवर मी त्याला माफ केलं असतं. बायकोवर जीव असलेला माणूस नियम मोडतो, ठीक आहे. ती चूकच होती.

“आणि मग कळलं कधी?”

तो चपलेचा पट्टा नीट करत राहिला.

“भाऊजी, कळलं कधी?”

“चहाच्या आधी,” तो म्हणाला. “पान पुन्हा पाहिलं तर तिचीही बंद झालेली. घड्याळजी समोरच बसले होते. दहा पावलांवर.”

“उठून सांगायचं होतं!”

“सांगणार होतो. पण मग बायकोची तक्रार वर ठेवायला नियम मोडला, हे सगळ्यांसमोर आलं असतं. लोक हसले असते, वर्षभर चिडवलं असतं. म्हटलं, संध्याकाळी गुपचूप उघडतो. संध्याकाळी वाटलं, उद्या. मग नवी आवृत्ती आली, तिची गडबड.” त्याने तोंड हातांत घेतलं. “विसरलो नाही, वहिनी. दर महिन्याला एकदा आठवायचं. आणि इतक्या दिवसांनी उघडली तर इतके दिवस का नाही उघडली, हे विचारतील असं वाटायचं.”

हसतील म्हणून. एक माणूस खाटेवर गुदमरून गेला, आणि त्याच्या मुळाशी ना वैर होतं ना लोभ. दहा पावलं चालून जायची लाज होती. मी बऱ्याच जणांचा राग केला आहे आयुष्यात, पण त्या जिन्यात मला जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. मला त्याच्याकडे पाहवेना.

“आणि हे तीन आठवडे? तिची नोंदणी जाणार, तिला पोलीस नेणार, तरी तुम्ही कागद लावत बसलात?”

“वकील म्हणाले, सुटेल ती. मला वाटलं, सुटली तर तिला कळायची गरजच पडणार नाही.” तो रडायला लागला. “वहिनी, ती मला सोडून जाईल.”

“शुक्रवारी तुम्ही बोलायचं,” मी म्हणाले. “तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. आणि त्याआधी, आज, आता, वर जाऊन तिला सांगायचं.”

तो शुक्रवारी बोलला. वर मात्र गेला नाही. त्या दिवशी तो जिना उतरून निघून गेला आणि शुक्रवारपर्यंत मित्राकडेच राहिला. मी तिला सांगू शकले असते. दोनदा तोंडापर्यंत आलंही. पण हे त्याच्याच तोंडून यायला हवं, असं मी स्वतःला बजावत राहिले, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा चेहरा पाहायची भीती वाटत होती.

७

समितीची खोली छोटी होती, पाच खुर्च्या आणि एक लांब टेबल. घड्याळजींनी वेळेसकट सगळं सांगितलं. मग दीर उभा राहिला. तो जमिनीकडे पाहून बोलला, पण काही लपवलं नाही. अठ्ठ्याऐंशी, बाराशे चार, चहाच्या आधीचा तो क्षण, सात महिने. अध्यक्ष डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मधेच चष्मा काढला आणि पुन्हा लावला नाही.

आजोबांनी आदल्या दिवशीच बाराशे चार पुन्हा उघडून दोष दुरुस्त केला होता. अर्धा तास लागला. बदल चार ओळींचा होता. त्यांनी तो कागदावर छापून टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता जाऊन बसले.

“म्हणजे ही तक्रार कुणीच कधी तपासली नव्हती,” डॉक्टर बाई म्हणाल्या. मग त्या जावेकडे वळल्या. “सिस्टर, एकच राहतं. दोष तुम्हाला माहीत होता. मग त्या दुपारी अलार्म थांबवून पेशंट हलवल्यावर तुम्ही स्क्रीन पुन्हा का नाही तपासलात?”

“मला वाटलं, दुरुस्त झालंय.”

“का वाटलं?”

“नोंद बंद झाली होती. नवी आवृत्ती आली होती. बंद म्हणजे झालं, असं मला वाटलं.”

मी पुस्तकात दोनशे पानं लिहिली आहेत. बंद म्हणजे दुरुस्त नव्हे, हे मी त्यात कुठेही लिहिलेलं नाही, कारण आमच्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. मी खाली मान घातली.

तिच्यावरचे आरोप मागे घेतले. सुताराच्या घरच्यांना दवाखाना पत्र पाठवणार होता. त्याची मुलगी मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. ती कुणाशी न बोलता उठून गेली. दीर दाराशी थांबला होता. जाऊ त्याच्या अंगावरून बाहेर आली आणि माझ्याबरोबर चालायला लागली.

बस येईपर्यंत आम्ही थांब्याच्या बाकावर बसलो. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

“बंद म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं, हे खरंय ताई,” ती म्हणाली. “पण मी इतकी भोळी नाही. नवी आवृत्ती वॉर्डात बसवली त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं. जेवताना. माझं ते झालं का रे, म्हणून.”

“मग?”

“‘हो, झालंय ते,’ म्हणाला. पुढ्यातल्या ताटातून वर पाहिलंही नाही.”

रस्त्यावरून दोन बसेस गेल्या. आमची त्यात नव्हती.

“तू हे समितीला का नाही सांगितलंस? तीन आठवडे? एवढं एक वाक्य बोलली असतीस तर...”

“त्याची नुसती चुकीची समजूत झाली असेल असं वाटलं होतं. कुणीतरी त्याला झालंय म्हणून सांगितलं असेल.” तिने पर्समधून रुमाल काढला आणि तो हातातच ठेवला. “माझी तर जायचीच होती नोंदणी. त्यात त्याला कशाला ओढायचं, म्हटलं.”